एकानेच ओरडायचं

सर कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवरची तिरकी फ्रेम सरळ करायचे आणि मग चपला काढायचे. फ्रेममध्ये कोण आहे याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. देव असोत, आजोबा असोत, नाहीतर बोर्डात आलेली मुलगी असो, सगळ्यांना एकच न्याय. दाताच्या डॉक्टरकडे खुर्चीत आ वासून आडवे पडलेले असताना त्यांनी समोरच्या भिंतीवरच्या डिग्रीकडे बोट दाखवून घशातून आवाज काढला होता. डॉक्टरला वाटलं, दुखतंय. त्याने आणखी एक इंजेक्शन दिलं. उठल्यावर सरांनी अर्ध्या बधिर तोंडाने डिग्री सरळ केली आणि घरी आले. हे मला काकूंनी सांगितलं. काकू म्हणजे सरांची बायको.

मला सर आवडायचे, हे इथेच सांगून टाकते. पुढचं वाचून कुणाचा गैरसमज व्हायला नको.

मी तेव्हा दिल्लीत ग्राफिक डिझाइनच्या पहिल्या वर्षाला होते आणि सर आम्हाला डिझाइनची मूलतत्त्वं शिकवायला येत. पहिल्या दिवशी हजेरी घेताना माझं आडनाव वाचून ते थांबले आणि सगळ्या वर्गासमोर सरळ मराठीत विचारलं, "राहतेस कुठे?"

"सरोजिनी नगर, सर. क्वार्टर्समध्ये." बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे जन्मापासून आमचा हाच पत्ता.

"आम्ही पण तिथेच होतो. ब्लॉक कुठला?"

मी सांगितला.

"त्या ब्लॉकच्या भिंतीवरचं अक्षर वाकडं आहे. अजून आहे ना?"

"माहीत नाही, सर."

"रोज बघतेस की," सर म्हणाले आणि पुढचं नाव वाचलं.

संध्याकाळी घरी येऊन मी मान वर करून पाहिलं. अक्षर वाकडं होतं. ज्या भिंतीखाली मी सायकल शिकले, तिच्यावरचं ते अक्षर मी कधी पाहिलंच नव्हतं. मला सरांचा फार राग आला आणि दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या तासाला सगळ्यांच्या आधी जाऊन बसले.

सरांची सगळी नोकरी एका सरकारी खात्यात प्रदर्शनं मांडण्यात गेली होती. कुठे काय लटकवायचं, किती उंचीवर, शेजारी काय नको, हे ठरवायचं काम. निवृत्तीनंतर राहायला म्हणून त्यांनी ग्रेटर नोएडात फ्लॅट घेतला होता, तो अजून ब्रोशरमध्येच होता. ज्याचं ब्रोशर इतकं गिचमिड, तो बिल्डर घर वेळेवर काय देणार, असं सर म्हणाले होते. मात्र सगळे पैसे भरून झाल्यावर म्हणाले होते, एवढं काकू आवर्जून सांगत. तर क्वार्टर सोडल्यापासून ते दोघं मुनिरकात भाड्याने राहत होते. गल्ली इतकी अरुंद की समोरच्या घरातलं वरण उतू गेलं तर यांना कळे. डोक्यावर तारांचं जाळं आणि तारांखाली बोर्ड. कोचिंग, पीजी, झेरॉक्स, मोमो, पुन्हा कोचिंग. सरांना विचारलं की असल्या ठिकाणी कसे राहता, तर ते म्हणत, "बघायला भरपूर आहे."

वर्गात त्यांनी पडद्यावर कधी काही दाखवलं नाही. आम्ही औषधांच्या रिकाम्या पट्ट्या आणायच्या, विजेची बिलं आणायची, लग्नपत्रिका आणायच्या, वर्तमानपत्रात घडी करून येणारे रंगीत कागद आणायचे. सरांकडे मिठाईच्या डब्याच्या झाकणातून कापलेली पुठ्ठ्याची एक चौकट होती, ती शर्टाच्या खिशात असे. ती डोळ्यासमोर धरून ते कागद बघत आणि दरवेळी एकच प्रश्न विचारत, "यात ओरडतंय कोण?"

आम्ही म्हणायचो, डिस्काउंट. नाहीतर, फोन नंबर. नाहीतर, नवरदेव.

"आणि बाकीचे?"

"तेपण ओरडतायत, सर."

"मग कुणाचंच ऐकू येत नाही. घरात चार माणसं एकदम बोलायला लागली की काय होतं? एकानेच ओरडायचं. बाकीच्यांनी त्याच्यासाठी गप्प बसायचं." एवढं सांगून ते स्वतःच गप्प बसत. त्यांचा आवाज मुळातच इतका बारीक की शेवटच्या बाकावरच्या मुलांनी वर्षभर फक्त त्यांचे ओठ हलताना पाहिले. पुस्तकात ज्याला हायरार्की म्हणतात ते आम्ही असं शिकलो, म्हणजे पुढच्या तीन बाकांवरचे शिकले.

एकदा ते आम्हाला सरोजिनी नगरच्या बाजारात घेऊन आले. माझ्याच दारात कॉलेज आलं म्हणून मी जरा तोऱ्यात होते. तिथे कपड्यांच्या ढिगांवर उभे राहून विक्रेते घसा खरवडून ओरडत असतात. त्यांच्यात एकच जण गप्प होता. त्याने काठीला एक लाल कुर्ता अडकवून वर धरला होता, बस. गर्दी त्याच्याकडेच होती. सर खूश झाले. पांढराशुभ्र इस्त्रीचा शर्ट, हातात चौकट, मागे वह्या घेतलेली वीस-बावीस पोरं, असे आम्ही त्या माणसासमोर ओळीने उभे राहिलो. सर चौकटीतून त्याच्याकडे बघू लागले आणि आम्ही लिहून घेऊ लागलो.

त्याने आमच्याकडे पाहिलं, वह्यांकडे पाहिलं, आणि हळूच कुर्ता खाली घेतला. मग कुणीतरी "कमेटी!" म्हणून हाक दिली, म्हणजे नगरपालिकेची धाड आली. ती हाक गल्लीभर गेली. बघता बघता चादरींची गाठोडी झाली, गाठोडी खांद्यावर चढली आणि सगळी गल्ली मोकळी झाली. एक हँगर तेवढा मागे राहिला. आम्ही घाबरून सरांकडे पाहिलं. सरांनी चौकट पुन्हा डोळ्यासमोर धरली, रिकाम्या रस्त्यावरून इकडून तिकडे फिरवली आणि म्हणाले, "हां. ही व्हाइट स्पेस. लिहून घ्या."

त्यांना जनाची लाज नव्हती असं नाही. त्यांना ती उशिरा सुचायची. त्यांच्या जुन्या ऑफिसातले एक गृहस्थ वारले, त्यांच्या शोकसभेला सर गेले होते. बाबाही त्यांना ओळखत, म्हणून आम्हीही होतो. मंचामागे मोठा फ्लेक्स लावला होता. त्यावर वॉर्डातले पुढारी हात जोडून चांगले पुरुषभर उंच, आणि गेलेले गृहस्थ एका कोपऱ्यात गोल चौकटीत, कमळाच्या पाकळ्यांमध्ये. सर त्यांच्या मुलाला भेटायला गेले. हात हातात घेतला. मग फ्लेक्सकडे बघून हळू आवाजात विचारलं, "यात वडील कुठले?"

माझ्या आईने डोळे मिटून घेतले. मुलाने कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"ते सगळ्यांत मोठे हवे होते," सर म्हणाले.

मुलगा फ्लेक्सकडे बघत राहिला. इतका वेळ येणाऱ्याजाणाऱ्याला तो अगदी व्यवस्थित नमस्कार करत होता. आता पहिल्यांदा तो रडला, आणि सर त्याचा हात धरून उभे राहिले. चांगलं केलं की वाईट, हे मला आजही ठरवता येत नाही.

आता काकूंची मेस. सरांच्या नोकरीभर काकूंनी क्वार्टरमध्ये त्यांच्या ऑफिसातल्या पाहुण्यांना जेवू घातलं. महाराष्ट्रातून कुणी साहेब आला की त्याला पुरणपोळी यांच्याच घरी. लोक ढेकर देऊन सरांचे आभार मानायचे. मुनिरकात आल्यावर काकूंनी घराखालची खोली भाड्याने घेतली आणि मराठी जेवणाची मेस काढली. आसपासच्या कॉलेजांत शिकणारी लातूर, अकोला, सांगलीकडची पोरं जेवायला येऊ लागली. काकूंनी बोर्ड रंगवून घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच दारावर त्यांच्या कामाची पाटी लागली होती.

बोर्ड असा होता. पिवळ्या रंगावर लाल अक्षरं, अक्षरांना निळी सावली, सावलीला पांढरी कड. डावीकडे नथ घातलेली बाई वाढताना हसते आहे आणि तिच्या हाताला एक बोट जास्त आहे. उजवीकडे थाळी, तिच्यातून इंजिनासारखी वाफ. मधे पोहे, मिसळ, साबुदाण्याची खिचडी, घरगुती, शुद्ध, गरम. आणि खाली एक ठसठशीत हिरवा बाण, जो मेसच्या दाराकडे नव्हे, शेजारच्या टेलर मास्टरजींच्या दुकानाकडे दाखवत होता. काकूंनी दारात उभं राहून पेंटरला 'डावीकडे' सांगितलं होतं, पेंटरने रस्त्यावर उभं राहून ते ऐकलं होतं. पुसून दुसरा बाण काढायचं राहिलं ते राहिलंच. नवा मुलगा मास्टरजींकडे शिरायचा, मास्टरजी मशीनवरून मान वर न करता म्हणायचे, "खाना? वापस जाओ बेटा, बगल वाला दरवाज़ा, मैडम बहुत अच्छा खिलाती हैं।" दुपारी काकू मास्टरजींना डबा पाठवायच्या.

सरांना रोज त्या बोर्डाखालून घरी जावं लागे. ते मान खाली घालून जात. "या बोर्डावर गप्प कोण आहे, ते सांग," एकदा त्यांनी मला विचारलं. मी बराच वेळ शोधलं आणि म्हटलं, "कुणीच नाही, सर." त्यांनी सुस्कारा सोडला.

वर्षाच्या शेवटी आमचा प्रोजेक्ट होता. रोजच्या बघण्यातलं एक काहीतरी निवडायचं, त्यात कॉन्ट्रास्ट, अलाइनमेंट, मोकळी जागा वगैरे कुठे चुकलंय ते दाखवायचं आणि ते सुधारून प्रत्यक्षात लावायचं. मी डीटीसीच्या बसचं तिकीट घेणार होते. सर म्हणाले, "त्यापेक्षा काकूंचा बोर्ड घे."

"काकू देतील?"

"मला नाही देणार. तुला देतील."

तसंच झालं. काकू पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "तुझ्या मार्कांसाठी हां, यांच्यासाठी बिल्कुल नाही. पण एक लक्षात ठेव. जुलैत नवी पोरं येतात, तेव्हा ज्या मेसला चिकटली ती वर्षभर तिथेच. तो महिना गेला तर माझं वर्ष गेलं. घरमालकाकडे मोमोवाला खोली मागतोच आहे."

सर म्हणाले, "अगं, दुप्पट येतील."

नवा बोर्ड काढला मी, पण त्यातली एकेक रेघ सरांची. संपूर्ण पांढरा बोर्ड. खालच्या उजव्या कोपऱ्यात करड्या रंगात, बारीक, देखणे दोन शब्द: मराठी जेवण. बाई नाही, थाळी नाही, बाण नाही. लावून झाल्यावर आम्ही गल्लीच्या पलीकडच्या भिंतीला पाठ टेकवून पाहिलं. सगळ्या गल्लीचा गोंगाट एका जागी येऊन थांबल्यासारखा वाटत होता. सरांनी चौकट खिशातून काढलीही नाही. जुना बोर्ड काकूंनी आत नेला आणि पिठाच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवला.

मास्टरजी बाहेर आले, त्यांनी बोर्ड वाचला आणि विचारलं, "मैडम, डॉक्टर को किराये पे दे दिया क्या?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्डाच्या मधोमध 'रूम फॉर बॉयज' चिकटवलेलं होतं. मुनिरकात मोकळी जागा म्हणजे कुणाचीतरी चिकटवायची राहिलेली जागा, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. सरांनी तो कागद काढला. तिसऱ्या दिवशी तिथे इंग्लिश स्पीकिंग, मूळव्याध आणि पुन्हा रूम होती. सर रोज सकाळी स्टुलावर चढून ते खरवडायला लागले. आत काकू उलथनं शोधत असायच्या.

पोरं मात्र येत नव्हती. बॅगा घेऊन गल्लीत शिरायची, बोर्डासमोरून पुढे जायची आणि टोकाच्या छोले-भटुऱ्याच्या दुकानात बसायची. जुनी पोरं पास होऊन गेली होती. बाकं पुसलेली आणि रिकामी. "सवय व्हायला वेळ लागतो डोळ्यांना," सर म्हणत. एकदा मी तिथेच होते, तेव्हा त्यांनी सरांपुढे ताट ठेवलं. भल्यामोठ्या ताटाच्या एका कोपऱ्यात चमचाभर भाजी, बाकी लख्ख स्टील.

"हे काय?" सरांनी विचारलं.

"व्हाइट स्पेस," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

सरांनी ती चमचाभर भाजी खाल्ली. ताट कसं दिसतंय याबद्दल ते काही बोलले नाहीत, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. माझे मार्क सरांच्या हातात होते. काकूंची मेस कुणाच्याच हातात उरली नव्हती.

एका दुपारी मी बोर्डाचे फोटो काढायला गेले होते. काकूंनी पातेलंभर वरण केलं होतं आणि ते तसंच होतं. त्या दारात येऊन फोनवर बोलत होत्या. "हां भाईसाहब, शाम को आ जाइए। कमरे की बात कर लेते हैं। हां, मोमो वाले को भी ले आइए।" आवाज अगदी नेहमीचा होता. फोन ठेवून त्यांनी पदराने एक स्वच्छ बाक पुन्हा पुसलं.

सर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे होते. त्यांनी ऐकलं. ते वर गेले आणि थोड्या वेळाने खाली आले, धुतलेला शर्ट घालून. मला वाटलं, कॉलेजात निघाले. ते गल्लीच्या तोंडाशी गेले, जिथे मोठा रस्ता लागतो, आणि तिथे उभे राहिले. मग त्यांनी उजवा हात खांद्याच्या रेषेत सरळ वर केला आणि गल्लीकडे बोट दाखवलं. काहीच बोलले नाहीत. बाण जसा असायला हवा तसे उभे राहिले, डिझाइनच्या दृष्टीने निर्दोष.

एका भल्या मुलीला वाटलं की त्यांना दिसत नाही. तिने त्यांचा तो वर केलेला हात धरला आणि त्यांना रस्ता ओलांडून दिला. सर पलीकडे गेले, तिला थँक यू म्हणाले, परत ओलांडून आले आणि पुन्हा उभे राहिले.

मग त्यांनी घसा खाकरला.

"जेवण," ते म्हणाले. माझ्याशिवाय कुणाला ऐकू गेलं नाही.

"जेवण!" रिक्षावाल्याने वळून पाहिलं.

आणि मग सर ओरडले. ज्यांचा आवाज चौथ्या बाकापर्यंत पोचत नव्हता ते सर मान ताठ करून, डोळे मिटून, शिरा फुगवून ओरडले, "मराठी जेवण! वरण-भात! गरम पोळी! ओ, मराठी जेवण! घर का खाना, इधर से!" पांढरा शर्ट पाठीला चिकटला होता. येणारेजाणारे बाजूला सरकून चालत होते, त्यामुळे त्यांच्याभोवती एक मोकळं वर्तुळ तयार झालं होतं. मागे तारा, कोचिंग, पीजी, मोमो. एवढ्या गर्दीत नजर जात होती ती फक्त त्यांच्यावर. मला रडू येत होतं, आणि मी फोटो काढला.

पाठीवर सॅक घेतलेली तीन मुलं थांबली. "काका, मराठी म्हणालात का? कुठंय हो?"

"इकडे," सर म्हणाले. आवाज पार बसला होता. "डाव्या हाताला. पांढरा... नाही. माझ्याबरोबर चला."

काकू पिठाच्या हातांनी धावत आल्या. "अहो, काय चाललंय हे? लोक बघतायत!"

"बघायलाच हवेत," सर घोगऱ्या आवाजात म्हणाले. "तू जा. वाढायला घे."

काकूंनी त्या मुलांकडे पाहिलं, सरांच्या शर्टाकडे पाहिलं. मग मला म्हणाल्या, "चल गं, पानं घे." संध्याकाळी घरमालक आला तेव्हा बसायला रिकामं बाक नव्हतं. तो आणि मोमोवाला दारात उभे राहून वरण-भात जेवले आणि गेले.

तो सगळा आठवडा सर तिथे उभे राहिले. पहिल्याच रात्री त्यांनी जुना बोर्ड पिंपावरून काढला, ओल्या फडक्याने पीठ पुसलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताने पुन्हा दारावर चढवला. लावताना पाण्याची लेव्हल धरून तो सरळ आहे ना, हे पाहिलं. सहा बोटांची बाई, इंजिनाची वाफ, चुकीचा बाण, पण बाण अगदी आडवा, कणभरही तिरका नाही. मास्टरजी पुन्हा "वापस जाओ बेटा" म्हणू लागले.

माझ्या प्रोजेक्टमध्ये मी जुना बोर्ड लावला, नवा लावला, आणि शेवटच्या पानावर सरांचा फोटो. सरांनी तो चौकटीतून पुष्कळ वेळ पाहिला. मी वाट बघत होते की आता विचारतील, यात ओरडतंय कोण. त्यांनी विचारलं नाही. "माणूस थोडा डावीकडे हवा होता," म्हणाले, आणि मला पास केलं. वर्गात ते पुढेही मोकळी जागा पहिल्यासारखीच शिकवत राहिले.

आता मी गुरुग्रामला नोकरी करते. आमच्या ऑफिसात सगळं पांढरं आणि करडं आहे. मधूनमधून मेट्रोने मुनिरकाला जाते. मेस चालू आहे. पैशांच्या गल्ल्याच्या वर काकूंनी माझ्या त्या फोटोची फ्रेम लावली आहे, कॅलेंडर आणि पंख्याचं बटण यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, एकाच खिळ्यावर. ती चांगलीच तिरकी आहे. परवा पान मांडलेलं असताना मला राहवेना. मी उठले आणि हात वर केला.

सर समोरच बसले होते, नेहमीच्या जागी, जिथून ती फ्रेम सरळ समोर दिसते.

"राहू दे," ते म्हणाले. "तिने लावलीय."